वस्तीची भांडी

वस्तीची भांडी दहा वर्षं आमच्या घरात राहिली. कारण एवढंच, की कडी लागेल असं दार वस्तीत फक्त आमच्या घराला होतं. बाकी सगळ्यांच्या दारांना तुराट्यांच्या ताट्या. ताटी काय, शेळीसुद्धा डोक्याने लोटून आत येते.

मी त्या घरात सून म्हणून आले सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात. घाटंजीपासून चार कोसांवरचं गाव. आदल्या दसऱ्याला आमचे लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, माझ्या माहेरचेही आणि सासरचेही. परत आल्यावर वस्तीने ठरवलं, की यापुढे गावातली मेलेली ढोरं ओढायची नाहीत. गावाला ते लागलं. तोवर लग्नकार्याला लागणारी मोठी भांडी गावाकडून मिळायची. देवळामागच्या खोलीत ती असत. आमच्यासाठी त्यातलीच जुनी, पोचे आलेली वेगळी काढून गोठ्याच्या पडवीत ठेवलेली असत. माझ्या लग्नाच्या वेळी सासरे ती मागायला गेले तर त्यांना सांगण्यात आलं, "धर्म नवा घेतला ना? मंग भांडेही नवेच पाहा."

म्हणून माझ्या लग्नाचं जेवण आठ घरांत शिजलं. ज्याच्या घरी जे पातेलं असेल त्यात वरण, त्यात भात. एका घरचं वरण तिखटजाळ, दुसऱ्या घरचं अळणी. माझा मामा पंगतीत बसल्या बसल्या म्हणाला होता, "एकाच जेवनात आठ जेवनं झाले बाप्पा." सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. आठ घरांच्या चुली फिरून फिरून त्यांचे पाय सुजले होते.

वर्षभराने ही गोष्ट तालुक्यातल्या एका शेठच्या कानावर गेली. त्याची कापसाची जिन होती आणि हंगामात आमच्या वस्तीतले सात-आठ पुरुष तिथे कामाला जात, माझे मालकही. शेठ एक दिवस बैलगाडीत भांडी घालून स्वतः आला. दोन मोठे गंज – आमच्याकडे स्वयंपाकाच्या उभ्या, खोल भांड्याला गंज म्हणतात – एक कढई, दोन पराती, बकेटा, झारे. पितळ असं लखलखीत, की पोरं त्यात तोंड पाहत होती. शेठच्या गळ्यात हार घातला. तो चांगलं बोलला. त्याच्या मनात काही वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही.

तो गेल्यावर बाया भांड्यांभोवती जमल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली. एकीने मला विचारलं, "काय लिवलं हाये वो यावर?"

गंजाच्या गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं कोरलेली होती. मी वाचलं. शेठच्या वडिलांचं नाव, त्यांच्या स्मरणार्थ, आणि खाली 'गोरगरिबांस सप्रेम भेट'. पराती पाहिल्या, त्यांवरही तेच. झाऱ्याच्या दांड्यावर जागा नव्हती म्हणून तिथे नाव गाळून नुसतं 'गोरगरिबांस'.

"बरं हाये ना मंग," एक जण म्हणाली. "गरीबच त आहो आपन."

 सासूबाईंनी भांडी आमच्या घरात नेऊन ठेवली.

पहिली एक-दोन कार्यं सुखाने झाली. पुढे एका लग्नात वर्ध्याकडची वरात आली. त्यातला एक शिकलेला पोरगा वाढायला उभा राहिला आणि झारा हातात घेऊन मोठ्याने वाचू लागला, "गोरगरिबांस! घ्या, गोरगरीबहो, भात घ्या!" त्याला गंमत वाटली. नवरीचा बाप ओट्यावर बसला होता, तो उठून घरामागे गेला आणि पंगती संपेपर्यंत पुढे आला नाही.

भांडी वापरण्याआधी तालुक्याला जाऊन दिवाणजीला सांगावं लागे. तशी अट नव्हती, पण एकदा न सांगता वापरली तर दिवाणजीने जिनमध्ये सर्वांसमोर विचारलं होतं. म्हणून मग चार कोस जायचं, चार कोस यायचं. शेठला बोलावणंही करावं लागे. बोलावलं की तो येई. तो येईस्तोवर पंगत बसत नसे. उन्हात पाहुणे ताटकळत आणि आत भाताची पेज होत असे. मी भांडी काढून द्यायची, मोजून परत घ्यायची, घासायची. राख आणि चिंचेने घासून घासून माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. तेव्हा मला पहिलं मूल होतं आणि दुसरं पोटात.

साठ सालच्या वैशाखात आमच्या शेजारणीच्या पोरीचं लग्न होतं. सकाळची वेळ. एका गंजात वरण उकळत होतं, दुसऱ्यात भात अर्धा शिजला होता. तेवढ्यात शेठची गाडी येऊन उभी राहिली. दिवाणजी खाली उतरला.

"शेठकडे आज संध्याकाळी मोठे पाहुणे येऊन राह्यले. दोन्ही गंज पाहिजेत. लवकर द्या."

शेजारीण म्हणाली, "चुलीवर भात हाय ना, दिवाणजी. दुपारपावतर थांबा."

"मले थांबता येत नाही. मालकाची भांडी, मालकाले पाहिजेत. आता मी काय करू?"

पुरुष सगळे तिथेच होते. कोणी काही बोललं नाही. माझे मालक जमिनीकडे पाहत उभे होते. मला त्यांचा राग आला होता, पण ते का गप्प आहेत तेही मला ठाऊक होतं. कार्तिकात पुन्हा त्याच जिनच्या फाटकाशी उभं राहायचं होतं.

सासूबाई चुलीजवळून उठल्या. हात पुसले. मला म्हणाल्या, "धुतलेले लुगडे आन. जेवढे असन तेवढे."

आम्ही दोन बाजांवर लुगडी अंथरली. चार बायांनी फडक्यांनी गंज धरून अर्धा कच्चा भात त्यांवर ओतला. वाफ अंगावर आली. वरण बकेटांनी उपसून घरोघरच्या पातेल्यांत घातलं. नवरीची आई रडत होती. सासूबाईंनी दोन्ही गंज तिथेच विसळून गाडीत ठेवायला लावले. दिवाणजी गाडीत बसू लागला तशा त्या म्हणाल्या, "थांबा. दोनच कायले नेता? कढईही न्या. परातीही न्या. झारे, बकेटा, समदं न्या."

"बाई, शेठनं गंजच सांगितले."

"मंग त्याहिले सांगा, बाकीचं आमी वापस केलं. रागानं नाही म्हनावं. आमच्यानं हे जपनं होत नाही."

आमच्या घरातली सगळी भांडी गाडीत गेली. तो भात पुन्हा आठ-दहा घरांच्या चुलींवर चढला. पंगत ऊन कलल्यावर बसली.

वस्तीने सासूबाईंना शाबासकी दिली असं काही झालं नाही. पुरुष त्यांच्यावर चिडले होते. घरी आल्यावर माझे मालक म्हणाले, "मा, तुनं वापस केले. पन जिनमंदी मले जा लागते, तुले नाही."

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

त्या कार्तिकात जिनने माझ्या मालकांना आणि आणखी दोघांना घेतलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही. तिघे सडकेची गिट्टी फोडायला गेले. गिट्टीचा एक बारीक तुकडा यांच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला, पण पुढे आयुष्यभर उन्हात पाणी गळत राहिलं. सासूबाई त्या डोळ्याकडे पाहायच्या आणि नजर वळवायच्या.

त्याच हिवाळ्यात त्यांनी मोड गोळा करायचं काढलं. फुटकं पितळ द्यायचं आणि त्याच्या बदल्यात कासाराकडून नवं भांडं घ्यायचं. डोक्यावर टोपली घेऊन मी मागे, पुढे त्या. दारात उभं राहून त्या सगळीकडे एकच सांगत, "पैसा नाही मागत. जे फुटकं-तुटकं पितळ असन ते द्या. आपल्या लेकराइच्या लग्नाले आपलं भांडं पाहिजे."

कुणी बुड गेलेला गडवा दिला. कुणी झाकण नसलेला पानाचा डबा, कुणी नुसती कडी. एकीने चांगली वाटी दिली आणि आम्ही दोन घरं पुढे गेल्यावर पळत येऊन परत मागून नेली. नवरा ओरडला होता. एका घराने काहीच दिलं नाही. उलट त्या घरचा माणूस म्हणाला, "शेठचं चांगलं चालू होतं ते तुमी मोडलं. आता दारोदार फिरा." सासूबाई पुढच्या दाराशी गेल्या.

वस्तीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहत असे. तिने आम्हांला आत बोलावलं आणि ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. चिंधीची पुरचुंडी काढली. आत पितळेचे चार लहान देव होते. दीक्षा घेतल्यावर सगळ्यांनी देव नदीत सोडले होते, तिनेही सोडले असंच आम्ही धरून चाललो होतो.

"माह्या सासूनं देल्ले होते," म्हातारी म्हणाली. "पुजत नाही व मी. शप्पथ. पन फेकवल्या गेले नाही." मग तिनेच विचारलं, "चालते काय हे?"

सासूबाईंनी ती पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली. "चालते," त्या म्हणाल्या. "पितळ हाये. लेकरं जेवतीन त्यात." म्हातारीने मान हलवली. आम्ही निघालो तेव्हा ती कणगीचं तोंड शेणाने लिंपत बसली होती.

घाटंजीच्या बाजारात कासाराने सगळं तोललं आणि म्हणाला, एक गंज आणि एक परात येईल, जास्त नाही. आम्ही हो म्हटलं. त्याने छिन्नी उचलली.

"नाव काय टाकू?"

 हा विचार आम्ही केलाच नव्हता.

"काही नको टाकू," सासूबाई म्हणाल्या.

"चोरीले गेलं त ओळखसान कशे?"

"आमी घासतो ना. ओळखू येते."

गंज आळीपाळीने डोक्यावर घेत आम्ही घरी आलो. वाटेत तीनदा बसलो. सासूबाईंना दम लागत होता, आणि मला आनंद झाला होता असं आज लिहायला हवं, पण मला फक्त मान दुखत होती एवढंच आठवतं.

त्या वर्षी पहिलं कार्य निघालं ते नेमकं काहीच न दिलेल्या घरी. वस्तीतल्या दोघातिघांनी सासूबाईंना सांगितलं, त्याला भांडी देऊ नका. त्या म्हणाल्या, "त्याच्या घरी जेवाले कोन बसनार आहे? आपनच ना?" आणि मला म्हणाल्या, "काढ वो."

एका गंजात भागत नसे. म्हणून कार्य असलं की प्रत्येक घर आपलं एक पातेलं आणून ठेवी आणि सोबत कुणी मूठभर डाळ, कुणी सरपण. हळूहळू ती रीतच पडली. बाळंतिणीच्या घरी, मयतीच्या घरी न सांगता डाळ-तांदूळ पोचू लागले. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. पण गंज परत यायचा तो बुडाशी करपलेला, आत भाताची साय वाळलेली. मी म्हणे, "घासून काहून नाही आनला?"

"आपलाच त आहे," उत्तर मिळे.

शेठच्या भांड्याला निदान भीतीने कुणी विसळून तरी आणत. आपला म्हटल्यावर तो कुणाचाच राहिला नाही, म्हणजे माझा राहिला. दोन लग्नं एकाच दिवशी आली की दोन्ही घरं माझ्याशी भांडत. एकदा परात हरवली, ती शेतात एकाच्या बैलापुढच्या पेंडीच्या आंबोणाखाली सापडली. सासूबाई जोवर होत्या तोवर त्या अंगणात बसून माझ्यासोबत घासत. पासष्टच्या थंडीत त्या गेल्या. त्यांच्या मयतीनंतरचं जेवण त्याच गंजात शिजलं. सगळी वस्ती आली, सगळ्यांनी रांधलं, मला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गंज अंगणात तसाच पडला होता. मी घासायला बसले आणि तिथे पहिल्यांदा रडले.

पुढे दोन वर्षांनी वस्तीच्या बैठकीत मी उभी राहून म्हटलं, "मले आता होत नाही. दुसऱ्या कोनी ठेवा."

सगळे चांगलं बोलले. तुझ्याच हातात बरं आहे, तुझ्या सासूचं नाव आहे, तुझ्यासारखं कोण जपेल. कोणी न्यायला मात्र उठलं नाही. मी आणखी एक उन्हाळा काढला.

अडुसष्ट साली मृग लागायच्या आधी एका दुपारी मी गंज उचलला, त्यात परात ठेवली आणि शेजारणीच्या अंगणात नेऊन ठेवून आले. तिच्याही घराला तोवर दार झालं होतं.

"माह्या घरी कायले?" ती मागून ओरडली. "मी कधी म्हटलं होतं?"

"सहा महिने ठेव. मंग पुढच्या घरी दे."

"अन् तिनं नाही घेतला त?"

"मंग ठेवून येजो. मी आली तशी."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी घरी येऊन रिकामा झालेला कोपरा सारवला. वाळल्यावर तिथे बाज ओढली. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बारशाचं जेवण झालं आणि दुपारी मी बाजेवर पडले असताना शेजारच्या अंगणातून गंज घासल्याचा आवाज येऊ लागला. ती कोरडाच घासत होती, आवाजावरून कळत होतं. बुडाचं करपलेलं तसं निघत नाही, आधी भिजवावं लागतं. जाऊन सांगावं असं मला वाटलं. पाय बाजेखाली टेकवलेही होते. मग ते पुन्हा वर घेतले आणि कूस वळवून पडून राहिले.