पळवून नेलेला सेंटर फॉरवर्ड

त्या तक्रारीची आठवण निघाली की आजही माझा आवाज चढतो.

सांगली जिल्ह्यातील एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका फुटबॉल क्लबचे अध्यक्ष कार्यकर्त्यांसह आले. गोव्याहून आणलेला त्यांचा सेंटर फॉरवर्ड बेपत्ता होता.

"शेजारच्या क्लबानं पळवला, साहेब. रविवारी फायनल हाय. आमचा एक्का त्योच!"

ओळखीच्या खुणा विचारल्या. अध्यक्षांना बुटांची कंपनी ठाऊक होती. अंगावरची एकही खूण सांगता आली नाही. दर हंगामाला बाहेरून तयार खेळाडू आणायचे, हे क्लबचे धोरण. शिकवायला एकच प्रशिक्षक. त्याला सरावाचे चेंडूही मागून आणावे लागत.

खबऱ्याने शेजारच्या क्लबकडे बोट दाखवले. झडती घेतली; हाती काही लागले नाही. मग प्रशिक्षकाला बोलावले. खुणा त्याने धडाधड सांगितल्या.

"हनुवटीवर व्रण. उजवा गुडघा लय सुजला व्हता, आता उतरलाय."

"आता? तो तर बेपत्ता आहे."

मी त्याला पाणी दिले आणि बसून राहिलो. बसून राहणे ही निम्मी चौकशी असते.

"साहेब, क्लबवाले दुखणं मारायचं इंजेक्शन टोचून खेळवत व्हते. आणखी एक सामना, आन् पाय कायमचा गेला असता. मला आत टाका, पण त्याला मैदानात न्हेऊ नका."

प्रशिक्षकाने दिलेल्या पत्त्यावर, मलकापूरच्या एका तालमीत तो मुलगा सापडला. वस्ताद त्याच्या गुडघ्याला बँडेज गुंडाळत होते.

"साब, मैं खुद आया," मुलगा म्हणाला.

वस्तादांनी मान वर केली नाही. "आमच्यात पोरगं मोडलं तर वस्ताद गावात तोंड दावत न्हाई. ह्या क्लबवाल्यांचं काय, दुसरं आणत्यात."

मुलगा सज्ञान, स्वखुशीने गेलेला. बेपत्ता नोंद बंद केली. अध्यक्षांना त्याचा जबाब वाचून दाखवला.

"म्हंजी रविवारी खेळणार न्हाई?" एवढेच ते बोलले. मी त्यांना खोलीबाहेर काढले.

इंजेक्शनाबद्दल गुन्हा नोंदवू म्हटले, तर मुलानेच हात जोडले. "फिर कोई क्लब नहीं लेगा, साब."

रविवारी मैदानावर बंदोबस्त माझाच होता. नवा आणलेला मुलगा उतरला, टाळ्या पडल्या. प्रशिक्षकाला क्लबने काढून टाकले होते.

खात्याने मला आरोपी ओळखायला शिकवले. या प्रकरणाने एवढे शिकवले, की माणसाची वाट लावणारे पुष्कळदा फिर्यादी म्हणून ठाण्यात येतात, समोरच्या खुर्चीत बसतात आणि चहा मागतात.