सगळ्यात शेवटी दिलावरभाई

दिलावरभाई सगळ्यात शेवटी चालायचे. टूर मॅनेजर म्हटला की हातात झेंडा घेऊन पुढे पळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. यांचा झेंडा पुढच्या कुणाच्याही हातात दिलेला असायचा आणि हे स्वतः शेपटाला. विमानातून शेवटी उतरायचे, जेवायला शेवटी बसायचे. बँकॉकच्या विमानतळावर मी त्यांना विचारलं, "अहो, तुम्ही पुढे नको का? रस्ता कोण दाखवणार?" तर म्हणाले, "बाई, रस्ता पाट्या दावत्यात की. मागं कोण ऱ्हायलंय ते पाटीवर लिवलेलं नसतंय."

मी तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. मलाक्काची सामुद्रधुनी नकाशावर बोट ठेवून किती पोरांना दाखवली असेल त्याला गणती नाही, पण स्वतः कधी बेळगावच्या पलीकडे गेले नव्हते. म्हणून निवृत्तीनंतर यजमानांच्या मागे लागून थायलंड, मलेशिया आणि सिंगापूरची सहल ठरवली. दहा दिवस, अठ्ठावीस माणसं, सोबत कोल्हापूरचा आचारी. शाहूपुरीत एका टूर कंपनीच्या माडीवर निघण्याआधीची बैठक झाली, तिथे दिलावरभाई पहिल्यांदा भेटले. साठीच्या अलीकडचे, ठेंगणे, पांढरी मिशी, खिशात तीन पेनं. वडील फळविक्रेते. हे स्वतः खाजगी बसवर क्लीनर म्हणून लागले आणि वर चढत चढत इथवर आले. इंग्रजी कामापुरतं, पण कुठे अडलेलं मी पाहिलं नाही.

त्या बैठकीत त्यांनी आपला नियम सांगितला. प्रत्येकाला एक जोड मिळणार. जोडीतल्या माणसांनी एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि जोड घरच्या माणसाची नसणार. आमच्या यजमानांनी लगेच हात वर केला, "मग आम्ही बायकोबरोबर फिरायचं नाही का?" सगळे हसले. दिलावरभाई म्हणाले, "फिरा की! पर नवरा बायकोला हुडकत न्हाय सायेब. आसंल की मागं, म्हणतोय आन् जातोय. दुसऱ्याचं माणूस पदरात टाकलं की मग जीव लावून सांभाळतोय." यावर समस्त बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

माझ्या वाट्याला आल्या हौसाक्का. गारगोटीकडच्या एका खेड्यातल्या, दावणीला सहा म्हशी, वय साठ-बासष्ट, नऊवारी आणि पायात पोरीने घेऊन दिलेले बूट. त्यांना ना बँकॉक बघायचं होतं ना क्वालालंपूर. मुलगा विजय सिंगापूरला जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात वेल्डर. बाप वारला तेव्हा विमानं बंद होती, त्याला येता आलं नाही. त्यानंतर या ना त्या कारणाने येणं राहूनच गेलं. "त्यो येईना, तर मीच जातो म्हटलं," आक्का म्हणाल्या. एकटीला जायचं कसं कळेना, म्हणून लेकीने ग्रुपमध्ये नाव घातलं. सिंगापूरला पोचायच्या दिवशी विजयला दुपारी चारपर्यंत सुट्टी होती. पुढे कामावर, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची तुकडी एका जहाजावर महिन्यासाठी जाणार होती. भेटायची वेळ काय ती तेवढीच.

खरं सांगते, मला ही जोड आवडली नव्हती. मला कोणीतरी वाचन-बिचन असलेलं हवं होतं. आक्का दर तासाला विचारायच्या, "बाई, शिंगापूर किती लांब ऱ्हायलं?" मी आधी अक्षांश-रेखांशांसकट सांगायची, मग नुसतं "लांब आहे" म्हणायला लागले.

दिलावरभाईंचं खरं रूप बघायचं तर बाजारात. पट्टायात एका म्हातारीच्या हातगाडीवर ड्युरियन नावाचं काटेरी फळ होतं. आपल्या फणसाचा चुलतभाऊ, पण वासाने माणूस दोन पावलं मागे सरतो. भाईंनी एकेक फळ उचललं, कानाशी धरून टिचकी मारली आणि चक्क कोल्हापुरी मराठीत घासाघीस सुरू केली. "आगं मावशे, ह्ये कच्चं हाय. आवाज बघ की कसा येतोय. मला शिकवतीस व्हय?" ती आपल्या थाई भाषेत तितक्याच जोरात भांडली. पाच मिनिटं दोघांचं असं जुंपलं की आम्ही घाबरलो. शेवटी ती खदाखदा हसली, आतलं एक पिकलेलं फळ काढून दिलं आणि वर मूठभर मँगोस्टीनची जांभळी फळं फुकट. मी विचारलं, "तिला कळलं काय तुमचं?" "फळवालीला फळवाला कळत न्हाय व्हय बाई? काय बी काय इचारताय!"

रागावलेलं मी त्यांना क्वचित पाहिलं. नाश्त्याच्या वेळी आमच्यातले एक पाटील उकडलेली अंडी रुमालात बांधायला लागले, तेव्हा भाई त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "पाटील, घरात कोंबड्या न्हाईत व्हय?" बस्स. पाटलांनी अंडी परत ठेवली आणि दिवसभर भाईंशी बोलले नाहीत. संध्याकाळी आचाऱ्याने तांबडा रस्सा केला, तेव्हा पाटलांच्या वाटीत पहिली पळी भाईंनीच वाढली. मग बोलले.

क्वालालंपूरजवळ डोंगरात मुरुगन देवाची गुहा आहे. पायऱ्या बघूनच माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. मी खाली कट्ट्यावर बसले. आक्का मात्र बूट काढून जोतिबा चढल्यासारख्या तरातरा निघाल्या. निम्म्यावर गेल्या आणि थांबल्या. वळल्या. उतरून माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी म्हटलं, "अहो, देव बघून या की!" तर म्हणाल्या, "माजी जोड खाली बसलीया. देवाला खालनंच हात जोडले." मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, काय हे खुळ्यासारखं!

दुसऱ्या दिवशी पहाटे बसने सिंगापूरला निघालो. दोन देशांच्या हद्दीवर उतरायचं, आपापल्या पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, यंत्रावर अंगठा टेकवायचा आणि पलीकडे बसमध्ये चढायचं. गर्दी मरणाची. आक्का त्या दिवशी नुसत्या उतावीळ. पासपोर्ट पिशवीतून काढायच्या, परत ठेवायच्या, परत काढायच्या. मी दोनदा करवादले. तेवढ्यात बाजूची नवी रांग उघडली आणि यजमानांनी तिथून हात केला, "ये लवकर, इथे कोणी नाही!" मी आक्कांना म्हटलं, "तुम्ही या हं पुढच्या माणसामागून," आणि सटकले. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. पलीकडे बसमध्ये जाऊन खिडकीची जागा पकडली.

भाई नेहमीप्रमाणे शेवटी आले. त्यांनी माणसं मोजली. सत्तावीस. परत मोजली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुमची जोड कुटं हाय?"

 आक्का आत राहिल्या होत्या. जन्मभर म्हशींच्या धारा काढून आणि शेणघाण काढून त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. मागाहून कळलं, यंत्र अंगठा घेईना. अधिकाऱ्याने बाजूच्या खोलीकडे बोट दाखवलं, त्या घाबरून तिकडे गेल्या, आणि भाई मागून रांगेत आले तेव्हा त्या दिसल्याच नाहीत. जोडीबरोबर पुढे गेल्या असतील असं समजून भाईही बाहेर पडले होते.

भाई तसेच मागे पळत सुटले. एकदा शिक्का मारून बाहेर पडलेल्या माणसाला परत आत जाता येत नाही. कुणाकुणाच्या विनवण्या करून त्यांनी आत जायची परवानगी मिळवली. इकडे बसमध्ये कुजबुज वाढली. त्या दुपारी काचेच्या घुमटातली मोठी बाग बघायची होती, तिची वेळ चालली होती. मी खिडकीशी बसून घड्याळ बघत होते. बारा वाजले. एक वाजला. चारला तो पोरगा कामावर जाणार, आणि ही बाई तीन देश ओलांडून आलेली. त्या दोन तासांत मी नवस बोलले, हे भूगोलाच्या शिक्षिकेला शोभत नाही, पण बोलले.

दोन वाजता दोघं आले. आक्कांचे डोळे सुजले होते, भाईंचा सदरा घामाने चिंब. आक्का मला म्हणाल्या, "तुमी घाबरला आसशिला बाई. मी काय न्हाय भ्यालो." मी त्यांचा हात धरला आणि रडले, पण माफी मागितली नाही. बसभर माणसं होती ना.

तोवर भाईंचा फोन वाजायला लागला. शाहूपुरीतून मालक. मी पुढच्याच बाकावर होते, मला सगळं ऐकू येत होतं. आक्कांना हॉटेलवर सोड, ग्रुपला बागेत ने, सत्तावीस लोकांचा कार्यक्रम बुडवू नकोस. भाई म्हणाले, "हॅलो? सायेब, आवाज ईना... हॅलो?" आणि फोन बंद करून खिशात टाकला. मग ड्रायव्हरला त्यांनी विजयचा पत्ता दाखवला. शहराच्या दुसऱ्या टोकाला. पाटील उठले, "अहो, आणि बाग?" भाई आमच्याशी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "बघायचं ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे पाटील. माणूस ऱ्हायाला न्हाय पायजे."

कामगारांच्या वसाहतीच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा साडेतीन वाजायला आले होते. विजय कामाच्या निळ्या कपड्यांतच उभा होता. आक्का बसच्या पायऱ्या उतरल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि आधी पाठीत एक दणका घातला. मग गळ्यात पडल्या. मग त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. भाजल्याचे काळे डाग, सालपटं निघालेली बोटं. "तुजी बी बोटं माज्यासारकीच झाली की रं," म्हणाल्या, आणि मग मायलेक फुटपाथवरच बसले. पस्तीस मिनिटं. बापाचं सांगून झालं, म्हशींचं झालं, परत बापाचं झालं. बसमधल्या बायका डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. पाटलांनी खाली उतरून विजयबरोबर फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर टाकलासुद्धा. दिलावरभाई मात्र लांब टायराशी उभे राहून, आमच्याकडे पाठ करून केळी खात होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आता गंमत बघा. कोल्हापूरला परतताना विमानतळावर पाटलांनी एक कागद फिरवला. बाग दाखवली नाही, टूर मॅनेजरच्या हलगर्जीपणामुळे ग्रुपचे हाल झाले, सबब नुकसानभरपाई मिळावी. ज्यांनी डोळे पुसले होते त्यांनीच सह्या केल्या. कागद माझ्याकडे आला तेव्हा मी "मला नाही करायची" म्हणून परत दिला. सही केली नाही, एवढंच माझं पुण्य. पण उभं राहून "चूक माझी आहे" असं म्हणाले का? नाही म्हणाले.

पुढे तीन वर्षं गेली. यंदा व्हिएतनाम-कंबोडिया करावं म्हणून शाहूपुरीच्या त्याच माडीवर गेले आणि सांगितलं, आम्हाला दिलावरभाईच हवेत. तिथली मुलगी म्हणाली, "ते परदेशात जात नाहीत आता. एकदा पॅसेंजरला बॉर्डरवर मागे सोडून पुढे गेले होते ना, तेव्हापासून साहेबांनी बंद केलं. ते गगनबावड्याच्या घाटातून कोकणात एका दिवसाच्या सहली नेतात."  मी मालकांच्या केबिनमध्ये शिरले आणि विचारलं, कुणी सांगितलं असं? त्यांनी फाईल काढून भाईंचा खुलासाच समोर ठेवला. त्यांच्या हातची बाळबोध अक्षरं. "सदर बाईंची कोणाशी जोड लावण्याचे माझ्याकडून राहून गेले होते. तरी अन्य कोणाचा दोष नाही."

तशीच त्यांची बस सुटते त्या एस.टी. स्टँडजवळ गेले. भाई बसच्या मागच्या दाराशी उभे राहून एका आजोबांना चढवत होते. मला बघून तोंडभर हसले. "या की बाई! गुडघं काय म्हणत्यात?" मी सरळ विचारलं, खोटं का लिहिलंत? ते मिशीवरून हात फिरवत राहिले. "तुमी त्या दिवशी बसमदी आक्काचा हात धरून रडला न्हवं? मग आजून काय पायजे? कागदावर तुमचं नाव घालून मला काय मिळणार हुतं!" मी म्हटलं, "तुमची परदेशवारी गेली भाई, माझ्यामुळे." "आवो, हितं पासपोर्ट लागत न्हाय, आंगठा बी लागत न्हाय. झकास हाय सगळं. चा घ्या." आणि चहा मागवला. मी तो प्यायले आणि रडले, आणि ते त्या आजोबांना सांगत होते, "बाई आमच्या लई हळव्या हाईत."

मी मालकांना परत जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, आता त्या जागी नवी माणसं घेतलीत. भाईंना काही फरक पडणार नाही म्हणे. मला पडतो. आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी चाललेल्या माणसाच्या नावावर शाहूपुरीतल्या एका फाईलमध्ये लिहिलेलं आहे की तो प्रवाशाला मागे टाकून पुढे गेला. ती फाईल माझ्या हातात नाही, म्हणून हे इथे लिहिते. हौसाक्कांना सोडून पुढे गेले ती मी.