ज्या गावाला निधी मिळाला

नाशिकरोड जवळ आलं की गाडीच्या खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. त्या दिसल्या आणि माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली. परभणीहून निघताना ठरवलं होतं, मोकळ्या मनाने बघायचं. ते मनमाडपर्यंत टिकलं.

कारण सांगते. मी आमच्या गावचं वाचनालय सांभाळते. गावात पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, बारव आहे. माझी बालमैत्रीण रुख्मिणी आणि तिच्या जोडीच्या बायकांनी दोन उन्हाळे गाळ उपसून ती मोकळी केली. माणसं बघायला येऊ लागली, तशी रुख्मिणीने तिथे चहाची किटली मांडली. पण धड रस्ता नाही, बसायला सावली नाही, बारवेच्या एका भिंतीला फुगवटा आलाय. पर्यटनाच्या निधीसाठी पाठवलेला प्रस्ताव दर वेळी परत येतो. आणि दर दिवाळीनंतर रुख्मिणी त्या बायकांसोबत, घराला कुलूप लावून ऊसतोडीला जाते. यंदा मीच म्हणाले, ज्यांना निधी मिळतो त्यांचं गाव तरी बघून येते.

नाशिक शहरात जिकडे बघावं तिकडे काम. कुंभमेळा जवळ येतोय, म्हणून रस्ते उकरलेले, घाटाकडे यंत्रांची घरघर. रिक्षावाले सलीमभाई वळसे घेत घेत चालले होते.

"मजा आहे तुमची. सगळा पैसा इकडेच," मी म्हणाले.

"मजा कसली, मॅडम? महिना झाला डायव्हर्जनमध्येच फिरतोय. गिऱ्हाईक भाड्यावरून किटकिट करतं."

"मग द्या ते डायव्हर्जन आम्हाला."

त्यांना तो विनोद वाटला.

सकाळी मिसळ खाल्ली. सोबत पापड, दह्याची वाटी. म्हणे, हिच्यासाठी लोक मुंबईहून गाड्या काढून येतात. मटकीच ती. आपल्याकडेही पिकते.

इगतपुरीहून जीपने निधी मिळालेल्या काजळवाडीला गेले. भात कापून खाचरं (भाताची बांध घातलेली शेतं) रिकामी झाली होती. वाडीपुढे कड्याच्या टोकावर निधीचं काम: लोखंडी कठडा, फरशी, बाकं, झाडांची नावं लिहिलेल्या पाट्यासुद्धा. खाली दरी आणि दूरवर धरणाचं पाणी. दरी सुंदर होती, त्याला माझा इलाज नव्हता.

मग मी खोड काढायला लागले. स्वच्छतागृहाला कुलूप होतं. मला इतका आनंद झाला की लगेच मोबाईलवर फोटो काढला. तेवढ्यात शेजारच्या टपरीतून एक बाई आली.

"किल्ली माझ्याकडं हाय, ताई. गाय आत शिरती म्हणून लावून ठेवते."

आतून लख्ख होतं. फोटो पुसून टाकला.

त्या यमुनाबाई. त्यांनी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरासणीची (आपल्या कारळाची) चटणी वाढली.

"पाणी पुरतं का हो?" मी आशेने विचारलं.

"चैतात टँकर लागतो. पाऊस लय, पर सगळा खाली वाहून जातो."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही. चला, निधी मिळूनही यांचं काहीतरी अडलंय.

"टपरीच्या आधी काय करायचात?"

"भात झोडून झालं का पिंपळगावकडं जायचं, द्राक्षाच्या बागांत. पोरं घेऊन तिकडंच ऱ्हायचं, पार होळीपर्यंत."

"आणि आता?"

"आता कशाला जाऊ? गिऱ्हाईक इथंच येतं. दोन-तीन वर्सं झाली, नाय गेले."

यात खोड सापडेना. भाकरी चांगली होती, तरी अर्धी तशीच ठेवली. कठड्याचा, फरशीचा, मिसळीचा हेवा मी हसण्यावारी नेला असता. पण या बाईच्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागत नाही, याचा मला असा राग आला की चहा न घेताच उठले. राग तिच्यावर नव्हता, पण समोर तीच होती. "परत या," ती म्हणाली. मी जीपकडे चालू लागले.

परतीच्या गाडीत रुख्मिणीला सांगायच्या गोष्टी जुळवत होते. टँकर, डायव्हर्जन, स्वच्छतागृहात शिरणारी गाय. गावात पोचले तर शाळेपुढे ऊसतोडीचा ट्रक उभा. रुख्मिणी बोचकी वर चढवत होती. तिची लेक आधीच अंथरुणांवर जाऊन बसली होती.

"काय बघितलंस गं?"

जुळवलेलं एकही तोंडातून निघालं नाही. "तिथली एक बाई आता कामाला बाहेरगावी जात नाही," मी म्हणाले.

तिने हातातलं बोचकं वर ढकललं. "आन् तिची लेकरं?"

"तिच्याजवळच."

"बरं झालं बाई तिचं," रुख्मिणी म्हणाली आणि ट्रकवर चढली. तिच्या आवाजात हेवा औषधालाही नव्हता. मला तो हवा होता.

ट्रक गेल्यावर वाचनालय उघडलं आणि नवा प्रस्ताव लिहायला घेतला. सुरुवातीला बारव किती जुनी, हे लिहायची रीत आहे. मी लिहिलं, ही बारव ज्यांनी उपसली, त्या आज गावात नाहीत.