माईंच्या समोरची जागा

माईंचं नाव निघालं की अंबरनाथच्या आमच्या कॉलनीतले जुने लोक अजून म्हणतात, काय देवमाणूस! म्हणोत बापडे. मीही त्यांच्याकडेच वाचायला शिकले, तरी माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही.

माईंचे यजमान दिनानाथराव कारखान्यात अधिकारी. माई व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेल्या, आणि रिकामी दुपार त्यांना खायला उठायची. त्रेपन्न साली त्यांनी कॉलनीतली चार-पाच वर्षांची पोरं व्हरांड्यात गोळा करून वाचायला शिकवायला सुरुवात केली. पैसा घेत नसत. बाजारातली अंकलिपी पसंत नव्हती, म्हणून टपोऱ्या अक्षरांत स्वतःच एक वही लिहून काढली. 'भोंगा झाला. बाबा आले. आईने चहा टाकला.' ती एकच वही. माई ती मांडीवर उघडत, शब्दांखालून बोट फिरवत, आणि आम्ही सहाजण त्यांच्या दोन्ही अंगांना चिकटून बघत असू. पाटी मात्र नाही. एवढ्या कोवळ्या बोटांना लिहायला लावायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

सातवी गोदू. माईंकडे भांडी घासणाऱ्या, शेजारच्या मोरिवली गावातल्या विठाची मुलगी. तिला माईंनीच बोलावलं होतं, पण आमच्या आयांनी नाकं मुरडली. त्यात माझी आई पुढे. असली शेंबडी पोर आमच्या मुलांना खेटून नको, म्हणाली. वाद घालणं माईंना कधी जमलंच नाही. त्यांनी गोदूला समोर, खालच्या पायरीवर बसवलं. तिथून ती मान उंच करून वही बघायची, आणि माईंचं बोट थांबलं की आम्हा सगळ्यांच्या आधी शब्द सांगायची. मला तिचा भयंकर राग यायचा.

पुढच्या जूनमध्ये शाळेत नाव घालायची वेळ आली. विठाला नुकताच मुलगा झाला होता, त्याला सांभाळायला गोदू घरी हवी होती. तिचा बाप आनंदा माईंना म्हणाला, "गुरुजी बोललं पोर हुशार हाय, तर धाडीन. नायतर बारक्याला कोन बघंल?" माई हसल्या. त्यांना खात्रीच होती.

शाळेत आम्ही एकाच दिवशी गेलो. आई आणि मी, माई, आनंदा आणि गोदू. मी पहिला धडा घडाघडा वाचला. मग गुरुजींनी पुस्तक गोदूच्या हातात दिलं. तिने ते फिरवून उलटं धरलं. गुरुजींनी सरळ केलं. तिने पुन्हा उलटं केलं आणि वाचायला तोंड उघडलं, तोच गुरुजींनी पुस्तक काढून घेतलं. "पुस्तक धरायचं कसं ते ठाऊक नाही, आणि म्हणे वाचते!" सगळे हसले, आई सर्वांत मोठ्याने.

वर्षभर त्या मुलीने समोरून प्रत्येक अक्षर उलटंच पाहिलं होतं, हे माईंच्या तेव्हा ध्यानात आलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलायचं तर ती समोर का बसायची हेही सांगावं लागलं असतं, आणि माझी आई शेजारीच उभी होती. माईंनी नुसता पदर सारखा केला. आनंदा गोदूचा हात धरून चालता झाला.

पुढचं मला माईंनीच सांगितलं, माझं लग्न ठरलं तेव्हा. आठ दिवस त्यांना अन्न गेलं नाही. नवव्या दिवशी वही घेऊन त्या मोरिवलीला गेल्या. गोदू भावाला कडेवर घेऊन अंगणात उभी होती. माईंनी वही तिच्यापुढे उलटी धरली. तिने पानभर वाचलं, एक चूक नाही. माईंनी सगळं कबूल केलं, अगदी पायरीसकट, आणि आनंदापुढे हात जोडले. पुन्हा गुरुजींकडे जाऊ, म्हणाल्या.

"आता नको," आनंदा म्हणाला. "गावात समदी हसत्यात."

गोदू शाळेत कधीच गेली नाही. विठा नाव घालायच्या दिवशी शाळेत आलेली नव्हती. ती चुलीपासून उठून दारात आली आणि तिने साध्या आवाजात विचारलं, "तवा तुमी तथं नव्हत्या काय, बाई?"