झाकलेल्या डिश

मंदाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत त्यांनीच वाढवलेल्या पेशींना खाऊ घालत होते. देऊळघाटहून त्यांचा भाऊ बोलत होता. "ताई गेली हो... सकाळीच." मी हातातलं काम पुरं केलं. पेशी काही सुतक पाळत नाहीत, हे त्यांचंच म्हणणं. मग मात्र स्टुलावर बसले ती बसलेच.

टाके न घालता जखम मिटवणारा डिंक आपल्या बुलढाण्यात तयार व्हावा, हे मंदाताईंचं वेड. कॉलेजच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघीच. डिंक भिजवलेलं पाणी डिशमधल्या जिवंत पेशींवर घालायचं आणि त्या जगतात का ते पाहायचं. एका डिशमध्ये डिंक नाही, दुसरीत मुद्दाम विष, तिसरीत आमचा डिंक. जागा बदलून लेबलं झाकायची मी, सूक्ष्मदर्शकातून वाचायचं त्यांनी. स्वतःच्या लेकराला नापास करायला कुणाचा हात उठत नाही, म्हणून ही पद्धत त्यांनीच घालून दिली होती.

एकदा डिंक जमलाच या खात्रीनं ताईंनी घरच्या वांग्यांचं भरीत आणलं होतं. वाचायला बसल्या. "ही मस्त हाये. ही मेली..." मग तिसरी डिश भिंगाखाली ओढली. "हीबी मेली. लिही." दोन मेल्या, म्हणजे विषाबरोबर आमचा डिंकही नापास.

"ताई, परत एकदा पाहा ना."

"काऊन? मी का आंधळी आहो? लिही म्हणलं ना तुले!"

भरीत आम्ही मुकाट्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा डिंक घोटायला घेतला, मीठ-साखर संपली की नवी आणावी तितक्या सहज. मला त्यांचा रागच आला होता.

पुढे आजारी पडल्यावर दवाखान्यातूनही त्यांचा फोन यायचा, "नवा डिंक टाकला का वं? लेबलं झाकजो. मी येते वाचाले."

आल्या नाहीत. त्या डिश तशाच राहिल्या. आम्हा दोघींशिवाय इथं कुणाला पेशी वाचता येत नाहीत. प्राचार्य म्हणाले, "तुम्हीच पाहून टाका की, मॅडम." शेवटी मी पाहिलं. डिंकाच्या डिशमधल्या पेशी तळाला घट्ट धरून, छान पसरलेल्या दिसल्या... मी एकटीच मोठ्यानं रडले. सांगायला कुणी नव्हतं.

निकाल मी अजून लिहिलेला नाही. लेबलं मीच झाकली होती; कुठली डिश डिंकाची, हे मला ठाऊक होतं. आणि त्या पेशी मला जिवंतच हव्या होत्या.