पाण्याखाली गेलेली माय

माझी नजर अधू होत चालली आहे, हे मला सगळ्यात आधी घरच्या उंबऱ्यानं सांगितलं. चाळीस वर्षं रोज ओलांडलेला उंबरा, पण त्या वर्षी मी त्याला दोन महिन्यांत तीनदा ठेचकाळले. मग दाराच्या बाजूला ठेवलेला पाण्याचा गुंड लाथाडला. आमचे हे म्हणाले, "तुह्यं ध्यान कुठी असते वं?" ध्यान जागेवरच होतं, नजर नव्हती. चंद्रपुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे. बाजूची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते. गेलेली परत येत नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. दिवसातून दोनदा थेंब टाकायचे आणि बाकी देवावर सोडायचं, असं ते हसून म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. जन्मभर दोन्ही वेळा देवापुढे दिवा लावला त्याचं हेच फळ का, असं मनात आलं आणि घरी येऊन मी दोन दिवस देवाशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दिवा लावला, पण तो सवयीनं.

त्या दिवसांत मला बालपण फार आठवायला लागलं. वय झालं की सगळ्यांनाच आठवतं म्हणतात, पण माझ्या मनात भीती होती. नजर गेल्यावर हे सगळंही पुसलं जाईल की काय, या भीतीनं मी एकेक गोष्ट काढून पाहत बसायची. माझं माहेर मूल गावाच्या पुढे, भातशेतीच्या मुलखात. आम्ही ढिवर, मासे धरणारे. गावाला मोठा तलाव, आणि तलावात आमचं सगळं जगणं. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याइतकं उरलं की आम्ही लेकरं एका रांगेत उभी राहून चिखलात पाय चेपत पुढे सरकायचो. पायाखाली काही वळवळलं की तिथेच पाय दाबून धरायचा, मग हात घालायचा. डोळ्यांचं तिथे काही कामच नसायचं, पाणी इतकं गढूळ. बाबा म्हणायचे, "ढिवराचे डोये पायात असतेत." मरळ हाती लागली की काय आनंद व्हायचा! तो आनंद मला नंतर कुठल्या गोष्टीत मिळाला नाही, हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती हसतात.

तलावाच्या बांधाला आमच्याकडे पाळ म्हणतात. त्या पाळीच्या आतल्या उतारावर आमची माय होती. देऊळ नाही, छप्पर नाही. तीन पायऱ्यांचा दगडी ओटा आणि त्यावर शेंदूर लावलेला एक गोल दगड, तोंड पाण्याकडे. दगडाच्या माथ्यावर एक खळगा होता, त्यातच तेल ओतून वात ठेवायची, पणती लागायची नाही. आमच्या वस्तीत मूल पहिल्यांदा पाण्याजवळ न्यायचं तर आधी त्याचे पाय मायला टेकवत. डोकं नाही, पाय. धाकट्या भावाला आईनं असंच नेलं होतं, मी तिचा पदर धरून उभी होते. "पाण्यात पयले पाय जातेत. मायनं पाय वळखले का लेकरू बुडत नाई," असं आई म्हणायची. लग्न होऊन चंद्रपूरच्या परकोटाच्या आत आले तेव्हा मी हे कौतुकानं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. देवाला पाय? त्यानंतर मी ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. हळूहळू मलाही तिची लाज वाटायला लागली, आणि लाज वाटणारी गोष्ट माणूस विसरतोच.

आई-बाबा गेले, भाऊ नोकरीपायी नागपूरला गेला, आणि माहेरी जायचं कारणच उरलं नाही. वीस-बावीस वर्षांत मी त्या वाटेला गेले नव्हते. पण नजरेचं कळल्यावर मनानं एकच हट्ट धरला. डोळे आहेत तोवर माय एकदा पाहायची. बाकी काही नको. काशी-रामेश्वर राहिलं तरी चालेल, पण तो शेंदराचा दगड, तो खळगा, समोरचं पाणी, हे एकदा डोळ्यांत भरून घ्यायचं. यांना सांगितलं तर म्हणाले, "दगड पाहाले एवढ्या दूर?" दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हे धोतर नेसून, टोपी घालून, पिशवीत थेंबांची बाटली घेऊन तयार.

कार्तिकातले दिवस होते. एसटीच्या खिडकीतून धानाची कापणी दिसत होती, म्हणजे जेवढी माझ्या वाटणीला उरली होती तेवढी, नळीतून पाहावी तशी. फाट्यावर उतरून गावात चालत गेलो. पाळीच्या तोंडाशीच नवं देऊळ दिसलं. गुलाबी टाइल्स, लोखंडी दार, आत रंगवलेल्या डोळ्यांची सुंदर मूर्ती. ओळखीचं कुणी भेटलं नाही, माणसं सगळी धानात होती. मी हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले, डोळे मिटले. माझ्या आत काहीच हललं नाही. ती मूर्ती माझ्याकडे बघत होती, पण ओळख देत नव्हती. मी मनात म्हटलं, माय, तू ही नाहीस. लगेच जीभ चावली, कारण देवाबद्दल असं बोलू नये.

मग आम्ही पाळीवरून शोधत निघालो. पाळ उंच झाली होती, रुंद झाली होती, वर मुरूम टाकला होता. जिथे ओटा होता असं मला वाटत होतं तिथे खाली नुसतं पाणी. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. हे माझा हात धरून चालत होते, कारण बाजूचं मला दिसत नव्हतं आणि बाजूलाच उतार होता. ऊन चढलं, मग कललं. "चाल आता, पाच वाजताची बस सुटन," हे तिसऱ्यांदा म्हणाले. मी तिथेच पाळीवर बसले आणि मला रडू आलं. साठीला आलेली बाई लहान पोरीसारखी रडते आहे हे मला कळत होतं, तरी थांबवता येईना. रडणं दगडासाठी नव्हतं. जिथे आपण सुखात होतो ती जागा जगात शिल्लकच नाही, असं त्या क्षणी वाटलं.

"कोनाले पाहून राह्यल्या बाई?"

आवाज पाण्यातून आला. काठालगत एक बाई डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होती. एका खोडातून कोरलेली ती अरुंद नाव, तिच्या पुढच्या भागात हिरव्या शिंगाड्यांचा ढीग. माझ्याच वयाची असेल, थोडी लहान. ती इतका वेळ तिथेच असणार, मला मात्र ती दिसली नव्हती.

"माय कुठी गेली वं पाळीवरची?" मी विचारलं, आणि इतक्या वर्षांनी ती बोली माझ्या तोंडून इतकी सहज निघाली की हे माझ्याकडे बघायलाच लागले.

"कुठी जाते थे? पाळ वाढवली, पानी चढलं, माय खालीच राह्यली. वर आनाले गेले होते, हाललीच नाई. मंग गावानं म्हनलं, राहू द्या, तिचंच पानी हाये. तिच्या नावानं वर नवं देऊळ बांधलं."

"पन हाये कुठीशी?"

"थे मले नाई सांगता येत. सासूले ठावं होतं, थे गेली. तुमी इथल्या लेकी दिसता, तुमीच सांगा. मी डोंगा नेतो."

मीच सांगायचं? इथे तर मी सकाळपासून शोधत होते. पण तिनं विचारल्यावर मी पहिल्यांदा पाळीकडे पाठ केली आणि तलावाकडे तोंड केलं. लहानपणी मी मायच्या ओट्यावर बसायचे तेव्हा मला काय दिसायचं? समोरच्या काठावरचं चिंचेचं झाड, आणि त्याच्या बरोबर मागे टेकडीतली खाच. दिवसभर मी माय कुठे आहे हे शोधत होते, माय कुणीकडे पाहते हे मात्र विसरले होते. चिंच अजून होती. टेकडीला काय होणार? ती तर होतीच. एकामागे एक दोन गोष्टी जुळवायला नळीएवढी नजर पुरते, तेवढी माझ्याजवळ होती. मी चप्पल काढली, पदर खोचला आणि उतारावर बसून घसरतच पाण्याशी गेले. हे वरून ओरडत होते, "अवं, तुले वेड लागलं काय? पडशीन नं!" त्यांना पोहता येत नाही. शहरातला माणूस, पाण्याला भितो. त्या बाईनं हात दिला आणि मी डोंग्यात बसले. चाळीस वर्षांनी बसले, तरी बूड आपोआप मधोमध टेकलं.

तिनं बांबूनं डोंगा रेटला. मी समोर पाहत होते. चिंच टेकडीच्या खाचेपासून डावीकडे होती, मग जवळ आली, मग खाचेत बसली. "थांब," मी म्हटलं. "आता पाळीकडे ने, शिद्धं." बांबू खाली दगडावर वाजला तेव्हा तिनं डोंगा धरून ठेवला आणि मी पाण्यात उतरले. पाणी कमरेइतकं, गार, शिंगाड्यांच्या वेलांनी भरलेलं. खाली काहीच दिसत नव्हतं. मला दिसत नव्हतं आणि कुणालाच दिसलं नसतं. मी चिखलात पाय चेपत पुढे सरकले, बाबांनी शिकवलं होतं तसं. एक पायरी लागली. दुसरी लागली. तिसरी. मग एक गोल, बुळबुळीत दगड. मी पाय फिरवला आणि माझा अंगठा त्याच्या माथ्यावरच्या खळग्यात बसला.

अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी ध्यानात आलं. मी देवीच्या डोक्यावर पाय दिला होता. ज्या दिव्याच्या जागी आई वात ठेवायची तिथे माझा अंगठा होता. मी झटकन पाय काढला, हात जोडले, "चुकलं, माय चुकलं," म्हणायला लागले. सासूबाईंसारख्या गालांवर चापट्याही मारून घेतल्या असतील.

डोंग्यातली बाई हसली. अगदी मोकळं हसली. "काऊन भेता बाई? तुमच्या आईनं तुमचे पयले पायच लावले असतीन नं इले? आमच्या गावाकडं बी तसंच करतेत. थे पायानंच वळखते आपल्याले. तोंड तं म्हातारं होते, तोंडावरून कशी वळखन?"

मी पाण्यात उभी राहून पुन्हा रडले, पण ते रडणं वेगळं होतं. मग मी हळूच तो पाय परत ठेवला. मुद्दाम ठेवला. मायला नीट ओळखता यावं म्हणून थोडा वेळ ठेवला. मला आईचा हात आठवला नाही, कारण तेव्हा मी तान्ही असणार. पण माझ्या पायाला तो दगड पूर्वीपासून माहीत होता, एवढं मी सांगू शकते. नंतर हनुवटीपर्यंत पाण्यात बसून दोन्ही हातांनी तिला चाचपलं, पुडीतलं हळद-कुंकू पाण्यातच सोडलं. ते कुठे गेलं ते दिसलं नाही. बाईनं ओंजळभर शिंगाडे दिले, त्यातले दोन मी खळग्यापाशी ठेवले आणि उरलेले प्रसाद म्हणून पदरात बांधले.

डोंगा काठाला लागल्यावर यांनी मला ओढून वर घेतलं तेव्हा मी नखशिखांत ओली होते. आपल्या खांद्यावरचं उपरणं माझ्या अंगावर टाकत त्यांनी रागानंच विचारलं, "दिसली काय तुही माय?"

"दिसली नाही," मी म्हटलं, "भेटली."

मी वळून पाहिलं तर डोंगा पुन्हा शिंगाड्यांच्या वेलात शिरला होता. बाईचं नाव विचारायचं सुचलंच नाही. पाच वाजताची बस पंधरा मिनिटं उशिरा आली आणि आम्हाला मिळाली. वाटेत हे एकेक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवत होते. देवाला पाय लावल्याबद्दल ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. मूल गाव ओलांडल्यावर एवढंच म्हणाले, "शिंगाडे गोड हायेत."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. ती बाई रोज तिथेच शिंगाडे तोडत असेल, आणि ते बोलणं ढिवरांच्या घरातली कुठलीही बाई बोलली असती. डोळेही बरे झाले नाहीत. डावा बराच गेला, उजवा थेंबांवर टिकून आहे. पण माझी भीती त्या पाण्यात राहिली. बालपण मागे पडलं, हरवलं, असं वाटून मी जीव कासावीस करत होते. ते हरवलं नव्हतं, त्यावर फक्त पाणी चढलं होतं. देवाकडे मी नजर मागत होते. त्यानं ती दिली नाही. जे त्याआधीच दिलेलं होतं, त्याची मात्र आठवण करून दिली, आणि माझं तेवढ्यावर भागतं.

आता मी घरात पाऊल आधी पुढे टाकते, अंदाज घेते, मग अंग नेते. उंबऱ्याला ठेच लागत नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, तो आता सवयीनं नाही. वात मला धूसर दिसते. कधी तीही दिसेनाशी होईल, होऊ दे. माय, तू जिथे आहेस तिथेच आहेस, मी पाय लावून पाहिलं आहे.