अकरा सेकंद

दादाचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत एक गिऱ्हाईक आलं की दुसऱ्याने रस्त्यातूनच बोलायचं. तिथे बसून माझ्या भावाने तीस वर्षं इस्त्र्या, मिक्सर आणि पंखे दुरुस्त केले. पुढे लोक बिघडलेली वस्तू टाकून नवी आणू लागले आणि दादावर माशा मारायची वेळ आली. घरच्या घरी दुरुस्ती शिकवणारे व्हिडिओ नेटवर टाकायची कल्पना माझी. छापखान्यातली नोकरी सुटल्यापासून मी घरीच होते, आणि माझं डोकं मला स्वस्थ बसू देत नव्हतं.

दादा नाकासमोर चालणारा माणूस. चेहरा दाखवायला तयार नाही, म्हणून व्हिडिओत नुसते हात दिसायचे, बोटांवर भाजल्याचे जुने डाग असलेले. आवाज कायम सर्दी झाल्यासारखा. तो आवाज त्याचा त्यालाच ऐकवत नसे, त्यामुळे आपले व्हिडिओ त्याने कधी पाहिले नाहीत. तरी लोक जमले, कारण हा माणूस बघणाऱ्याच्या जागी जाऊन बसायचा. एका बाईंनी लिहिलं की मी डावखुरी आहे, तुमचं बघून माझा गोंधळ होतो. त्याने तोच व्हिडिओ डाव्या हाताने पुन्हा केला आणि त्या नादात स्क्रू तीनदा खाली पाडला. कुणी लिहिलं, कमी ऐकू येतं. तेव्हापासून तो थांबत थांबत बोलू लागला. प्रत्येकाला उत्तर द्यायचा, एका बोटाने, चष्मा कपाळावर चढवून. लोक त्याला इस्त्रीकाका म्हणू लागले. मी फोनवर एक क्लास लावला होता. तिथले सर सांगायचे, स्वतःचा ब्रँड करायचा तर आधी प्रेक्षक, मग आपण. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "यात शिकवण्यासारखं काय आहे?"

प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ठरलेली. दादा वस्तूचा प्लग कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि म्हणायचा, "प्लग काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही. हा बघा, माझ्या डोळ्यासमोर ठेवला." मग प्लग टेबलावर ठेवायचा आणि त्यानंतरच स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा. ही त्याच्या उस्तादाची शिस्त. पाठीमागे पडलेला, न दिसणारा प्लग काढलाय असं धरायचं नाही, असं तो उस्ताद सांगायचा. दुकानात एकटा असला तरी दादा हे वाक्य पुटपुटायचा. मी त्याची टिंगल करायचे, म्हणायचे, तुझ्या लग्नातही आधी प्लगच काढला असशील.

हे सगळं व्हायला अकरा सेकंद लागायचे. आणि फोनमधला आलेख मला रोज दाखवायचा की त्याच अकरा सेकंदांत निम्मे लोक पळून जातात. कुणी लिहायचं, काका, कळलं हो, पुढे चला. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी मी त्या आलेखाच्या मागे लागले. ते अकरा सेकंद मी कापले. दादाला सांगितलं नाही, कारण तो नाही म्हणाला असता. बघणाऱ्यांचंच तर ऐकतेय, अशी मनाची समजूत घातली. एक्केचाळीस व्हिडिओ असे गेले. प्रत्येक वेळी तो प्लग समोर धरून ते वाक्य बोलायचा, मी मान डोलवायचे आणि घरी येऊन कापायचे. माणसं दुप्पट झाली आणि मी शेफारले.

मग मिक्सरच्या व्हिडिओखाली एका मुलीचं लिहिणं आलं. दादाने दुकानात, माझ्यासमोरच ते वाचलं. तिच्या बाबांनी फोन समोर ठेवून, इस्त्रीकाका दाखवतात तस्संच मिक्सर उघडला. बटण बंद होतं, पण त्या घरात बटणाची तार चुकीची जोडलेली होती, त्यामुळे बटण बंद असूनही मिक्सरमध्ये वीज होती. बाबा गेले. शेवटी तिने लिहिलं होतं, 'तुम्ही प्लगचं काहीच बोलला नाहीत, काका.'

दादा शांतपणे म्हणाला, "मी बोललो होतो. लाव बरं तो व्हिडिओ."

मी लावला. मिक्सर पालथा पडलेला, दादाचा हात थेट पहिल्या स्क्रूवर. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, "आधीचं कुठंय?"

मी सगळं सांगितलं. त्याने मला एक शिवी द्यावी असं फार वाटत होतं. तो एका बोटाने उत्तर लिहीत बसला, आणि मी त्याच्या खांद्यावरून वाचलं: 'प्लगचं सांगायचं राहिलं. चूक माझी.'

"दादा, तू बोलला होतास," मी म्हणाले. "कापलेले सगळे तुकडे आहेत माझ्याकडे. मी टाकते, मीच कापले म्हणून लिहिते."

"त्यांना ऐकूच आलं नाही, म्हणजे मी बोललो नाही," तो म्हणाला. "तुकडे टाकून मी सुटेन. तिच्या बाबांचं काय?"

पुढे व्हायचं ते झालं. ज्यांना त्याने रात्रीचा दिवस करून उत्तरं दिली, त्यांनीच त्याला खुनी म्हटलं. तो तेही वाचत राहिला, एकेक करून. सगळे व्हिडिओ त्याने मला काढून टाकायला लावले. मी मूग गिळून बसले, हे माझं दुसरं पाप.

दुकान चालू आहे. कधीमधी एखादी इस्त्री येते, तेव्हा मी मदतीला बसते. दादा माझ्याशी नीट बोलतो, चहा अर्धा अर्धा करतो. पण ते वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा आलेलं नाही. तो प्लग काढतो, टेबलावर समोर ठेवतो आणि हात मांडीवर घेऊन थांबतो. स्क्रू ड्रायव्हरला शिवत नाही. माझ्याकडे बघत बसतो, मी ते वाक्य म्हणेपर्यंत.